मोटरहोमच्या मागे टांगलेलं वजन: मागच्या ॲक्सलवर खरं किती येतं आणि ते कसं आवरायचं

गोव्यात म्हापशाला किंवा फोंड्याला एखाद्या फॅब्रिकेटरकडे गाडी नेऊन "मागे स्कूटरसाठी रॅक मारून दे" असं सांगितलं, की तो पाईपची जाडी विचारतो, रंग विचारतो आणि कामाला लागतो. मागच्या चाकांपासून हे वजन किती लांब येणार, हे बहुधा कुणी विचारत नाही. गाडीचं सगळं गणित मात्र त्याच एका अंतरावर बसलेलं आहे. म्हणून हा लेख. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारखी व्हॅन घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, करून घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढते आहे. या गाड्या घाट चढतात, पुलावरचा वारा खातात, फेरीबोटीत चढतात. त्यांच्या मागे काय आणि किती टांगायचं, हे वेल्डिंगच्या आधी ठरायला हवं.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. मागच्या चाकांच्याही मागे 140 किलो टांगले, तर मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, 140 किलो वाढत नाहीत. त्याहून बरेच जास्त वाढतात, आणि पुढचा ॲक्सल हलका होतो. पहारीने चिरा उचलताना टेकूपलीकडे आपण जोर देतो आणि दुसऱ्या टोकाला चिरा वर येतो, तसंच हे आहे. टेकू म्हणजे मागचा ॲक्सल, जोर म्हणजे टांगलेलं वजन आणि चिरा म्हणजे तुमचं इंजिन आणि पुढची चाकं. टेकूवर दोन्हीकडचा भार येतो.

अंतरं मोजा

दोन अंतरं लागतात. पहिलं व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं. ते कंपनीच्या कागदावर असतं. फोर्स ट्रॅव्हलरच्या 3350 मॉडेलच्या तर नावातच आहे, 3350 मिलिमीटर. तरीही स्वतः मोजा. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग सरळ ठेवा. गवंड्याचा ओळंबा हबच्या मध्यावर धरून खाली सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. मागे तसंच करा. दोन खुणांमधलं अंतर टेपने घ्या, आणि दुसऱ्या बाजूनेही एकदा घ्या.

दुसरं अंतर मागच्या हबपासून टांगायच्या वस्तूच्या मध्यापर्यंतचं. इथे लोक हमखास रॅकच्या सुरुवातीपर्यंत किंवा बंपरपर्यंत मोजतात. ते चुकीचं आहे. आडवी उभी केलेली स्कूटर बॉडीपासून जेवढी मागे येईल, तिच्या रुंदीचा मध्य धरायचा. रॅकचं स्वतःचं वजन वेगळं लिहा आणि त्याचा मध्य वेगळा धरा. फरक थोडाच असेल तर दोन्ही एकत्र धरले तरी चालतं.

हिशोब

सूत्र सोपं आहे. टांगलेलं वजन गुणिले मागचं अंतर, भागिले व्हीलबेस. जो आकडा येईल तेवढे किलो पुढचा ॲक्सल हलका होतो. मागच्या ॲक्सलवर टांगलेलं पूर्ण वजन अधिक हाच आकडा, एवढा भार वाढतो.

उदाहरण घेऊ. रिकामी स्कूटर साधारण 105 ते 110 किलोची असते. रॅक, बेल्ट आणि पत्रे धरून एकूण 140 किलो झाले असं समजू. व्हीलबेस 3.35 मीटर, मागचं अंतर 2 मीटर. 140 गुणिले 2 म्हणजे 280, भागिले 3.35, म्हणजे जवळजवळ 84. पुढून 84 किलो उचलले गेले आणि मागे 224 आले. 140 टांगले, 224 सोसावे लागले.

आता हे ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा. समजा गाडीची एकूण मर्यादा 3800 किलो आहे, त्यात मागच्या ॲक्सलची 2400. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या कागदांवर पाहा. टांगण्यापूर्वी, सगळं सामान भरून, पुढे 1400 आणि मागे 2200, एकूण 3600. मालक म्हणतो, अजून 200 किलोची जागा आहे, 140 टांगले तर बिघडलं कुठे? टांगल्यावर एकूण 3740 होतं, म्हणजे मर्यादेच्या आत 60 किलो. पण मागे 2424 होतं, म्हणजे मर्यादेबाहेर 24. पुढे उरतात 1316. एकूण वजनाची पावती बघून निर्धास्त झालेला माणूस मागच्या टायरांवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर मर्यादेबाहेरचं ओझं घेऊन फिरत असतो. एकूण वजन बरोबर म्हणजे गाडी बरोबर, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण काट्यावरून परतताना हातात पुरावा असल्यासारखं वाटतं.

चाकांच्या मधल्या सामानाचा हिशोब याच सूत्राने होतो, फक्त उलटा: येणारा आकडा पुढच्या ॲक्सलवर वाढतो आणि उरलेलं वजन मागे जातं. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. ही टाकी मागच्या ॲक्सलच्या 1 मीटर पुढे असेल तर मागे सुमारे 70 आणि पुढे 30 किलो जातात. तीच टाकी शौचालयाला जवळ पडते म्हणून मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागे बसवली, तर मागे जवळजवळ 136 येतात आणि पुढून 36 जातात. टाकी तीच, पाणी तेवढंच, पण मागच्या ॲक्सलवर 66 किलोंचा फरक.

हे करताना मागे अडकवलेलं आणि कोंबलेलं सगळं लिहून काढा. स्टेपनी मागच्या दारावर आहे का? शिडी, सायकली, पोर्टेबल जनरेटर, कायाक, मासेमारीची गळं, मागच्या ओट्याखालची बॅटरी. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, पण लोखंड धरून तो 30 किलोच्या आसपास जातो. आणि मे महिन्यात कोल्हापूरला पाहुण्यांकडे निघालात की मानकुराद आंब्याच्या पेट्या, दोन फणस आणि उकड्या तांदळाचं पोतं कुठे जातं? मागचं दार उघडून तिथेच. काढायला सोपं म्हणून. आपल्याकडच्या गाड्यांचं मागचं वजन बऱ्याचदा रॅकपेक्षा या दाराजवळच्या सवयीने वाढतं.

काट्यावर

हिशोब कागदावर झाला, आता खात्री काट्यावर करायची. गोव्यात या कामासाठी वजनकाटा शोधावा लागत नाही. खाणीच्या धंद्यामुळे डिचोली, साखळी, उसगावच्या पट्ट्यात ट्रक काट्यावर घालणं रोजचं आहे. भंगारवाल्यांकडे आणि औद्योगिक वसाहतींतही काटे असतात. ट्रकांची गर्दी नसेल अशी वेळ विचारून जा, कारण तुम्हाला गाडी तीनदा हलवायची आहे आणि मागून हॉर्न वाजत असेल तर मोजमाप नीट होत नाही.

गाडी प्रवासाला निघते तशीच भरून न्या. डिझेल भरलेलं, पाण्याची टाकी भरलेली, गॅस, गाद्या, भांडीकुंडी सगळं जागेवर. शक्य असेल तर माणसंही आपापल्या जागी बसलेली हवीत. मागच्या बाकावर दोन माणसं बसली आणि तो बाक ॲक्सलच्या मागे असेल, तर तेही टांगलेल्या वजनासारखंच काम करतं.

पहिल्यांदा फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घ्या, मागची बाहेरच ठेवा. मग पूर्ण गाडी आत घ्या. मग पुढची चाकं बाहेर काढून फक्त मागची ठेवा. प्रत्येक वेळी गाडी हळू थांबवा, न्यूट्रलमध्ये टाका, ब्रेक सोडा आणि डोलायची थांबली की आकडा वाचा. उतार असेल आणि गाडी सरकण्याचा धोका असेल तर ब्रेक सोडू नका, दुसरा काटा शोधा. काट्यावर चढायचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या पातळीत असायला हवा. चाकं खाली-वर असली तर एका ॲक्सलचं वजन दुसऱ्यावर सरकतं. ट्रकांचे काटे सहसा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने वाचतात, त्यामुळे पुढचं आणि मागचं मिळून एकूण आकड्याशी दहा-वीस किलोंत जुळलं तरी पुरे. त्याहून जास्त फरक असेल तर पुन्हा मोजा.

काटेवाला बहुतेक वेळा एकूण वजनाचीच पावती छापतो. "भाऊ, पुढचं आणि मागचं वेगळं हवं" असं आधीच सांगा. म्हणजे तो स्क्रीनवरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि तीन पावत्या देतो. त्या पावत्यांच्या पाठीमागे लगेच पेनने लिहा: पाणी भरलेलं की रिकामं, माणसं किती, रॅक लावलेली की काढलेली. घरी आल्यावर नुसत्या आकड्यांचे तीन कागद एकमेकांसारखेच दिसतात.

स्कूटरसह आणि स्कूटरशिवाय अशा दोन्ही वेळा मोजता आलं तर सोन्याहून पिवळं. पुढच्या ॲक्सलवर जेवढे किलो कमी झाले त्याला व्हीलबेसने गुणा आणि टांगलेल्या वजनाने भागा. तुमच्या रॅकचं खरं अंतर मिळतं. टेपने मोजलेल्या अंतराशी ते जुळलं तर बाकीच्या हिशोबावरही भरवसा ठेवता येतो.

एक चाक प्लॅटफॉर्मवर आणि जोडीचं बाहेर असं डावं-उजवंही पाहता येतं. गॅस, बॅटरी आणि पाणी एकाच बाजूला असेल तर हे जरूर करा, कारण मर्यादा शेवटी प्रत्येक टायरची असते.

टायर

टायरच्या कडेवर मापानंतर एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती वजन पेलतो ते सांगणारा सांकेतिक आकडा. 107 म्हणजे 975 किलो, 109 म्हणजे 1030, 112 म्हणजे 1120. "112/110" असं लिहिलं असेल तर पहिला आकडा एकेरी टायरसाठी आणि दुसरा जोडटायरसाठी. 110 म्हणजे 1060 किलो. मागे एकेरी टायर 107 चे असतील तर दोघांची मिळून क्षमता 1950 किलो. वरच्या उदाहरणातल्या गाडीला तेच टायर असते, तर रॅक लावण्याआधीच ते अपुरे होते. टायर बदलताना दुकानदाराने "हेच माप आहे" म्हणून कमी इंडेक्सचा दिला नाही ना, ते पाहा. हवा थंड टायरमध्ये, कंपनीने पूर्ण भारासाठी सांगितली आहे तितकी. कमी हवा आणि जास्त वजन एकत्र आलं की टायरची कड सतत दुमडते आणि आतून तापते. मे महिन्याच्या दुपारी डांबर आधीच तापलेलं असतं.

पुढचं हलकं झालं की काय होतं

टायर फुटणं सगळ्यांना माहीत असतं, पण पुढचा हलकेपणा हळूहळू जाणवतो आणि ड्रायव्हर त्याला सरावतो. स्टिअरिंग हाताला हलकं लागतं. ओल्या वळणावर गाडी वळायला उशीर करते. ब्रेक मारल्यावर मोठा वाटा पुढची चाकं उचलतात. त्यांच्यावर वजनच कमी असेल तर पकड लवकर सुटते.

टाटा विंगरवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. विंगरमध्ये इंजिनची ओढ पुढच्या चाकांना आहे. म्हणजे मागे टांगलेलं वजन ज्या चाकांना उचलतं, तीच गाडी ओढणार आहेत. शिवाय चढावर वजन आपोआप मागे सरकतं. 3600 किलोची गाडी, तिचा भारमध्य जमिनीपासून 1 मीटरवर, व्हीलबेस 3.35 मीटर आणि चढ 10 टक्के धरला, तर पुढून आणखी शंभर-एक किलो मागे जातात. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात, शेवाळलेल्या कडेजवळ गाडी थांबवून पुन्हा उचलायची वेळ आली की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. युरोपातल्या पुष्कळ मोटरहोम फियाट डुकाटोवर बांधलेल्या असतात. त्यांनाही ओढ पुढूनच असते आणि मागच्या गॅरेजमध्ये स्कूटर ठेवायची पद्धत तिथे जुनी आहे, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्याही ओळखीचा आहे. तिथे साध्या कार परवान्यावर चालवायची एकूण मर्यादा 3500 किलो असल्याने वजनाची काळजी आधीपासूनच घ्यावी लागते. आपल्याकडेही ती सवय लागायला हवी.

मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत चढाची अडचण कमी, पण स्टिअरिंग आणि ब्रेकची तीच. शेपटाकडे लांब असलेलं वजन गाडीला झोकाही देतं. झुआरीच्या पुलावर आडवा वारा लागला किंवा मोठी बस बाजूने गेली की मागचा भाग हलतो आणि थांबायला वेळ घेतो.

हेडलाइट विसरू नका. मागचं बसलं की पुढचा झोत वर जातो आणि राष्ट्रीय महामार्ग 66 वर समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. संध्याकाळी भिंतीपासून पाच मीटरवर, सपाट जागी गाडी उभी करा. रॅक रिकामी असताना झोताच्या वरच्या कडेला खडूची रेघ मारा. मग वजन चढवा आणि पाहा. रेघ ओलांडली असेल तर लाइट खाली घ्या.

वजन कसं सावरायचं

पहिला उपाय म्हणजे न टांगणं, आणि तो मी मनापासून सुचवतो. बाहेरून गोव्यात येणाऱ्यांनी मागे स्कूटर आणायची खरंच गरज नाही. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या दुचाकी इथे किनाऱ्याला जागोजागी मिळतात. आपण इथून बाहेर जाताना, पंढरपूरला किंवा आंबोलीला, दुचाकी खरोखर किती वापरतो तेही आठवून पाहा. दोन सायकली आणि हलकी रॅक 45 किलोंत होते. त्याच अंतरावर त्या मागे 72 किलो टाकतात, 224 नाही.

टांगायचंच असेल तर जवळ टांगा. रॅक बॉडीला शक्य तेवढी चिकटून असू द्या. वीस सेंटिमीटर पुढे आणलेली स्कूटर मागून आठ किलो कमी करते. फार नाही, पण फुकट मिळतात.

मोठा फरक आतल्या सामानाच्या जागेने पडतो. वरच्याच गाडीत 100 लिटरची टाकी 2.2 मीटर पुढे आणली तर पुढे जवळजवळ 66 किलो परत येतात. 60 किलोची लेड-ॲसिड बॅटरी 2.5 मीटर पुढे, ड्रायव्हरच्या सीटमागे घेतली तर आणखी 45. मिळून जवळजवळ 111. स्कूटर टांगूनही पुढे 1427 आणि मागे 2313 होतात. एकूण तेच 3740, पण आता दोन्ही ॲक्सल मर्यादेत. म्हणून फर्निचरचा आराखडा काढतानाच पाणी आणि बॅटरी चाकांच्या मध्ये ठेवा. ओटे बसल्यावर टाकी हलवायची म्हणजे अर्धी गाडी उघडावी लागते.

मागे एक पाटा वाढवून घ्यायचा सल्ला गॅरेजमध्ये लगेच मिळतो. एअर बॅगही मिळतात. त्यांनी मागचं वर उचललं जातं, झोत जागेवर येतो, गाडी सरळ दिसते. पण ॲक्सलचं घर, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि रिम तेच राहतात. मर्यादा कागदावरही वाढत नाही आणि लोखंडातही नाही. वजन मर्यादेत असेल आणि फक्त बसकी दिसते म्हणून पाटा घेतला तर ठीक. मर्यादेबाहेरचं वजन लपवण्यासाठी तो घेऊ नये.

रॅक, खारा वारा आणि फेरीबोट

खड्ड्यात चाक आपटलं की रॅकच्या बोल्टवर स्थिर वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. त्यामुळे रॅक बंपरच्या पत्र्याला नाही, चेसिसच्या मुख्य भागांना धरायला हवी. विंगर मोनोकॉक आहे, तिला वेगळी चेसिस नाही, म्हणून पकडीच्या जागा कंपनीच्या माहितीवरूनच ठरवा आणि आतून जाड पट्ट्या देऊन भार पसरवा. चेसिसवर थेट वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने त्या जागचं पोलाद कमकुवत होतं आणि भेग तिथूनच सुरू होते. बोल्ट आणि लॉकनट वापरा.

समुद्राजवळ गाडी उभी असते तिथे गंज बाहेरून दिसत नाही. चौकोनी पाईपच्या आत ओल साठते आणि वेल्डच्या कडेने तपकिरी रेघ उतरते. ती रेघ दिसली की रंग मारून झाकू नका, खरवडून आतलं पाहा. पाईपला खालून पाणी जायला भोक ठेवा, आणि शक्य असेल तर गॅल्व्हनाइझ करून घ्या.

फेरीने जात असाल तर मागची उंची मोजा. रॅकचा सगळ्यात खालचा भाग रस्त्यापासून 45 सेंटिमीटरवर आणि मागच्या हबपासून 2.3 मीटर मागे असेल, तर साधारण 11 अंशांच्या चढापर्यंतच ती टेकत नाही. वजनाने गाडी पाच सेंटिमीटर बसली की 10 अंशांच्या खाली. रायबंदर–चोडणच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उतार तीव्र होतो आणि फेरीचा फळा जिथे काँक्रीटला टेकतो तिथे कोन पडतो. तिथेच रॅक आधी घासते. भरतीची वेळ बघून जा, स्कूटर आधी उतरवून चालवत न्या, आणि गाडी सावकाश घाला.

कागदपत्रं

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 93 प्रमाणे मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मागे गाडी जेवढी येते तो भाग, व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. 3350 च्या गाडीला तो 2010 मिलिमीटर होतो. रॅकसह त्याच्या आत राहिलात तर वादाला जागा उरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहेत. बॉडीबाहेर मर्यादेपलीकडे आलेल्या सामानालाही 20,000 रुपये आहेत. मोटर कॅराव्हानसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. कायमची रॅक लावायची असेल तर काम सुरू करण्याआधी वाहतूक खात्यात लेखी विचारा. नंबरप्लेट आणि मागचे लाइट स्कूटरआड जात असतील तर ते बाहेर आणण्याची सोय रॅकमध्येच करून घ्या.

ॲक्सलची मर्यादा आरसीवर न दिसल्यास दाराच्या चौकटीवरची किंवा इंजिनजवळची कंपनीची पट्टी पाहा, नाहीतर चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून काढून घ्या. तो आकडा, काट्याच्या तीन पावत्या आणि टायरचा लोड इंडेक्स एकाच कागदावर लिहून गाडीत ठेवा. नवं काही बसवलं, टाकी बदलली किंवा टायर बदलले की पुन्हा काट्यावर जा.